रजेवर असताना 'ड्रंक अँड ड्राइव्ह'ची केस झाली तर: जवान आणि घरच्यांनी काय करायचं

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, जळगाव या भागांत सुट्टीवर आलेल्या जवानाच्या घरी लग्न, जत्रा किंवा मित्रांची बैठक असतेच. रात्री परतताना नाकाबंदी लागते, पोलीस फुंकायला लावतात आणि यंत्र मर्यादेच्या वरचा आकडा दाखवतं. पुढे बहुतेक जण एकच गोष्ट करतात. कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणतात, दहा हजार भरतात, गाडी सोडवतात आणि युनिटमध्ये गप्प राहतात. नागरी नोकरीतल्या माणसाचं यावर निभावत असेलही, पण सैन्यातल्या माणसाचं खरं नुकसान इथूनच सुरू होतं. तो दंड म्हणजे हेल्मेट नसल्याचं चलान नव्हे. ती फौजदारी न्यायालयाने दिलेली शिक्षा आहे आणि सैन्याच्या कायद्यात तिचे स्वतंत्र परिणाम होतात.

हे लिखाण मुख्यतः थलसेनेसाठी, म्हणजे आर्मी अ‍ॅक्ट १९५० खालच्या जवान, एनसीओ (नाईक, हवालदार), जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि अधिकाऱ्यांसाठी आहे. हवाई दलाला एअर फोर्स अ‍ॅक्ट १९५० लागतो आणि त्यातही नशेचं कलम आर्मी अ‍ॅक्टसारखं ४८च आहे. नौदलाला नेव्ही अ‍ॅक्ट १९५७ लागतो, तिथे कलम ५२ पाहावं. अग्निवीरही आर्मी अ‍ॅक्टखालीच येतात.

कायद्याची मर्यादा आणि पेगचा हिशेब

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणं, हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

३० मिलिग्रॅम म्हणजे फार थोडं. कॅन्टीनच्या ४२.८ टक्क्यांच्या रमचा ६० मिलीचा एक पेग घेतला, तर त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने साधारण ४० मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाते. म्हणजे एका मोठ्या पेगमध्येच मर्यादा ओलांडली जाऊ शकते. शरीर तासाला अंदाजे १५ मिलिग्रॅम उतरवतं, आणि चहा, लिंबूपाणी किंवा आंघोळीने हा वेग वाढत नाही. रात्री अकरापर्यंत चार मोठे पेग घेतलेला माणूस सकाळी सातला कुणाला एसटी स्टँडवर सोडायला निघाला, तरी तो मर्यादेच्या वर असू शकतो. 'झोप काढली, आता काही नाही' या भरवशावर सकाळी पकडले जाणारे अनेक असतात.

शेजारच्या सीटवर पिऊन बसलेल्या जवानाला कलम १८५ लागत नाही, कारण गाडी तो चालवत नाही. मात्र मित्र प्यायलाय हे माहीत असून त्याच्या हाती गाडी दिली, तर कलम १८८ खाली त्या गुन्ह्याला साथ दिल्याचा आरोप होऊ शकतो. शिवाय नशेत सापडण्याचं सैन्याचं कलम वेगळं आहे, त्यात गाडीचा संबंध लागतच नाही. त्याबद्दल पुढे येईल.

नाकाबंदीवर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, लायसन्स, आरसी आणि विमा दाखवा. फुंकायला सांगितलं तर फुंका. नकार दिल्यास आणि पोलिसाला दारूचा वाजवी संशय असल्यास तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे पुढे कोर्टात तुमच्याच विरोधात वापरला जातो. यंत्राची छापील पावती निघते. तिच्यावरचा आकडा, वेळ आणि यंत्राचा क्रमांक वाचून घ्या आणि तिची प्रत मागा. आपण प्यायलेलोच नाही किंवा यंत्र चुकतंय असं वाटत असेल, तर रक्ततपासणीची मागणी तिथेच, साक्षीदारांसमोर करा. दुसऱ्या दिवशी तिचा काही उपयोग नाही.

या कलमाखाली अटक झाली, तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. तशी न झाल्यास कोठडीतून सोडावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. त्याने खटला संपत नाही, फक्त कोठडी संपते. तरी घरच्यांनी अटकेची आणि डॉक्टरकडे नेल्याची वेळ कागदावर टिपून ठेवावी. खटल्यात वकिलाला सगळ्यात आधी हेच आकडे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'मी फौजी आहे' म्हणून आवाज चढवू नका. पोलीस फौजीला हात लावू शकत नाही हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. कायद्याने सैनिकाला अटकेपासून जे संरक्षण दिलंय, ते सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कामापुरतं आहे. लग्नाहून परतताना ते लागू होत नाही. कलम १८५चा गुन्हा जामीनपात्र आहे. पण कॉलर धरली, धक्का दिला किंवा यंत्र हिसकावलं, की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, म्हणजे लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे. दोन तासांत सुटू शकणारा माणूस त्या दोन मिनिटांमुळे कोठडीत रात्र काढतो, आणि सीओ (युनिटचे प्रमुख) साहेबांच्या टेबलावर दारूची नाही तर पोलिसाला मारहाणीची केस जाते. पैसे देऊन मिटवायला जाण्याबद्दलही हेच. व्हिडिओ आजकाल प्रत्येकाच्या खिशात असतो.

आयकार्ड दाखवा, पण सोपवू नका. पोलिसांनी ते ठेवून घेतलंच, तर पंचनाम्यात त्याचा उल्लेख असल्याची खात्री करा. आयकार्ड हरवलं, तर त्याची स्वतंत्र चौकशी लागते आणि दारूच्या केसमध्ये दुसरी केस जोडली जाते. मोबाइलमध्ये युनिटचे फोटो, ग्रुप किंवा हालचालीचे संदेश असतील तर तो अनलॉक करून कुणाच्याही हाती देऊ नका. गाडीत कॅन्टीनच्या बाटल्या असतील तर बिल जवळ हवं. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ अजून लागू आहे आणि बिनकागदाच्या बाटल्यांमुळे वेगळं प्रकरण उभं राहतं.

छावणीच्या हद्दीत सीएमपीने, म्हणजे लष्करी पोलिसांनी पकडलं, तर रिपोर्ट थेट युनिटकडे जातो. तिथे लपवालपवीचा प्रश्नच उरत नाही.

पहिले चोवीस तास: युनिटला कळवणं

पोलिसांकडून, वर्तमानपत्रातून किंवा गावातल्या कुणाच्या फोनवरून कळण्याआधी युनिटला तुमच्याकडून कळलं पाहिजे. या एका गोष्टीचा पुढच्या शिक्षेवर जेवढा परिणाम होतो, तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही. स्वतःहून सांगितलेला जवान आणि दोन महिन्यांनी उघडा पडलेला जवान यांच्याकडे कंपनी कमांडर एकाच नजरेने पाहत नाही. अटक किंवा खटला दडवणं हाच आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ६३ खाली शिस्तभंग ठरवला जाऊ शकतो. ते कलम मोठं आहे, त्यात कोर्ट मार्शलला सात वर्षांपर्यंत कैद देता येते.

कुणाला कळवायचं? आधी कंपनीचे सीनियर जेसीओ साहेब किंवा सीएचएम (कंपनी हवालदार मेजर), त्यांच्यामार्फत कंपनी कमांडर. फोन लागत नसेल तर जवळचं स्टेशन हेडक्वार्टर्स. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, मुंबई या ठिकाणी लष्करी ठाणी आहेत. तीही जवळ नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मार्ग सांगतात. जवान स्वतः कोठडीत असेल तर वडील, भाऊ किंवा पत्नीने फोन करावा. अटकेची माहिती नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे घरच्यांना हे कळलेलं असतंच.

फोननंतर लगेच लेखी संदेश पाठवा. त्यात फक्त घटना लिहा, कबुली नको आणि सबबही नको. नमुना असा:

'मी नंबर अमुक, रँक, नाव, अमुक कंपनी. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वार्षिक रजेवर गावी आहे. काल दिनांक अमुक रोजी रात्री अमुक वाजता अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत माझ्या दुचाकीची तपासणी झाली. मोटार वाहन कायदा कलम १८५ खाली माझ्यावर केस नोंदली आहे. केस क्रमांक अमुक. कुणालाही इजा नाही, मालमत्तेचं नुकसान नाही. मला अमुक वाजता जामिनावर सोडलं. कोर्टाची तारीख अमुक आहे. आयकार्ड आणि लीव्ह सर्टिफिकेट माझ्याकडे सुरक्षित आहे. पुढील आदेश द्यावेत.'

हाच मजकूर हिंदीत लिहून पाठवला की अ‍ॅडज्युटंटपर्यंत (सीओंचे प्रशासकीय अधिकारी) तसाच जातो. 'थोडीच घेतली होती' किंवा 'पोलिसांनी अडकवलं' ही वाक्यं त्यात आली, तर ती पुढे तुमचंच निवेदन म्हणून समोर येतात.

रजा संपत आली असेल आणि कोठडीमुळे किंवा तारखेमुळे वेळेवर पोहोचता येत नसेल, तर रजावाढ लेखी मागा. कळवलंच नाही, तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३९ खाली रजा उलटून गैरहजर राहिल्याचा वेगळा गुन्हा होतो. गैरहजेरी तीस दिवसांवर गेली, की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसते आणि फरारी जाहीर होण्याची वेळ येते. दारूची केस त्यापुढे किरकोळ वाटू लागते.

कागद गोळा करा: एफआयआर किंवा केसची प्रत, यंत्राची पावती, वैद्यकीय अहवाल, जामिनाचा कागद, गाडी आणि लायसन्स जप्तीची पावती, लीव्ह सर्टिफिकेटची प्रत. प्रत्येकाचे दोन संच करा, एक वकिलाला आणि एक युनिटला.

कोर्टात 'कबूल' म्हणण्याआधी

कलम १८५ची केस रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावंच लागतं. तिथे एका दिवशी तशाच अनेक केसेस असतात, आणि बाहेर उभा असलेला कुणीतरी सांगतो की कबूल करा, दंड भरा, पाच मिनिटांत मोकळे. हे पाच मिनिटांचं काम महाग पडतं, कारण:

गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेवर अपील जवळपास बंद होतं. शिक्षा कमीजास्त आहे किंवा कायद्याला धरून नाही एवढ्याच मुद्द्यावर वर जाता येतं, दोषी की निर्दोष यावर नाही. दुसरं, आर्मी रूल्स १९५४च्या नियम १७ प्रमाणे एखाद्याला बडतर्फ करण्याआधी कारण कळवून लेखी उत्तराची संधी द्यावी लागते. पण फौजदारी न्यायालयाने ज्या वर्तनासाठी दोषी ठरवलं, त्याच कारणावरून बडतर्फी असेल, तर ती नोटीस देण्याचंही बंधन उरत नाही. कबुली देताना जवान हे कवच स्वतःच्या हाताने काढून ठेवतो. पहिल्याच, कुणालाही इजा न झालेल्या केसमध्ये बडतर्फी सहसा होत नाही हे खरं. पण आधीच्या रेड इंक एंट्र्या (गंभीर शिक्षांच्या लाल शाईतल्या नोंदी) असतील तर ही शिक्षा त्यांच्याबरोबर मोजली जाते.

म्हणून आधी वकील गाठा आणि पुरावा तपासा. पावती आहे का, त्यावरची वेळ एफआयआरशी जुळते का, यंत्राच्या कॅलिब्रेशनचा दाखला आहे का, गाडी तुम्हीच चालवत होता हे कोण सांगणार, रक्ताचा नमुना घेतला असेल तर सीलबंदीची साखळी नीट आहे का. पुरावा पक्का असेल, तर कबुली हा विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो, आणि तो युनिटला कळवून घ्यावा. पुरावा कच्चा असेल तर लढा.

वकील अनेकदा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९५८ खाली चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मागणी करतात. ती मागणी करावी, तुरुंग टळतो. पण त्याने दोष पुसला जातो असं मानू नका. केंद्रीय दलातल्या एका शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलंय की प्रोबेशनवर सोडलं तरी दोषसिद्धी कायम राहते आणि त्यावर खात्याला कारवाई करता येते.

तारखांसाठी सतत रजा मिळणं अवघड. त्यासाठी आर्मी अ‍ॅक्टचं कलम ३२ वापरा, फार थोड्या जवानांना ते माहीत असतं. खटल्यासाठी रजा मंजूर केल्याचं योग्य लष्करी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र कोर्टात सादर करून अर्ज केला, की शक्य तोवर त्या रजेच्या काळातच सुनावणी लावून प्रकरण निकाली काढावं, असं ते कलम म्हणतं. प्रमाणपत्र ऑर्डरली रूममधून, म्हणजे युनिटच्या कार्यालयातून निघतं. तारखेच्या किमान महिनाभर आधी अर्ज करा.

लायसन्स जप्त झालं असेल तर ते आरटीओकडे जातं. दारूच्या केसमध्ये निलंबन तीन महिन्यांपेक्षा कमी नसतं. ज्यांचा ट्रेडच ड्रायव्हरचा आहे, त्यांनी हे एमटीओ (युनिटच्या वाहनांचे अधिकारी) साहेबांना लगेच सांगायला हवं. निलंबनाच्या काळात सरकारी गाडी चालवली आणि अपघात झाला, तर जबाबदारी कुणीही घेणार नाही.

केस कोण चालवणार: कोर्ट की सैन्य?

आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ६९ मुळे नागरी गुन्हा हा सैन्याच्या कायद्याखालचाही गुन्हा ठरतो, म्हणून दोन्हीकडे अधिकार असतो. कलम १२५ प्रमाणे निवड करतो तो डिव्हिजन, स्वतंत्र ब्रिगेड किंवा त्यावरच्या फॉर्मेशनचा कमांडर किंवा नियमांनी ठरवलेला अधिकारी. यासाठीच १९७८चे नियम आहेत. दंडाधिकाऱ्याने सीओंना लेखी नोटीस द्यायची आणि ती पोहोचल्यापासून पंधरा दिवस आरोप निश्चित करायचे नाहीत, दोषी किंवा निर्दोषही ठरवायचं नाही. सैन्याने केस मागितली, तर आरोपी आणि कागद सैन्याकडे जातात.

आरोपी लष्करात आहे हे कोर्टाला माहीतच नसेल तर ही नोटीस निघत नाही. काही जण मुद्दाम 'शेतकरी' किंवा 'खासगी नोकरी' असं लिहून देतात. तसं करू नका. खोटी माहिती हा नवा गुन्हा होतो, आणि आधार, पगाराचं खातं किंवा कॅन्टीन कार्ड यातून ओळख पुढे उघड होतेच.

साधी, इजा नसलेली १८५ची केस सैन्य बहुतेक वेळा नागरी कोर्टाकडेच राहू देतं. अपघातात कुणी गंभीर जखमी झालं, तर न्याय संहितेचं कलम १२५, मृत्यू झाल्यास कलम १०६ लागतं. अशी केस सैन्य मागून घेऊ शकतं. मात्र पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावलं आणि मृत व्यक्ती नागरी असेल, तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ७० प्रमाणे सक्रिय सेवा, परदेश किंवा सीमेवरची चौकी हे अपवाद सोडता कोर्ट मार्शल ती चालवू शकत नाही.

नागरी कोर्टाने दोषी किंवा निर्दोष ठरवलं, किंवा सीओंनी कलम ८० खाली शिक्षा दिली, की त्याच गुन्ह्यासाठी कोर्ट मार्शल किंवा सीओंची शिक्षा पुन्हा होऊ शकत नाही, असं कलम १२१ सांगतं. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. हे संरक्षण 'त्याच गुन्ह्या'पुरतं आहे. गैरहजेरी, खोटं निवेदन, आयकार्ड हरवणं यांचे आरोप वेगळे चालतात. आणि प्रशासकीय कारवाई या कलमाने थांबत नाही.

युनिटमध्ये परतल्यावर

पोलिसांनी युनिटच्या ताब्यात दिलं असेल, तर कोठडीत ठेवून विसरता येत नाही. प्रकरण कळवल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सीओंनी चौकशी सुरू करायची असते.

आरोप साधारण तीनपैकी एक असतो. कलम ४८, नशेत सापडणं, मग ड्युटीवर असो वा नसो. अधिकारी नसलेल्या जवानासाठी कमाल शिक्षा दोन वर्षे कैद, पण ड्युटीवर किंवा सक्रिय सेवेत नसताना घडलं असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. कलम ४५, पदाला न शोभणारं वर्तन, हे फक्त अधिकारी, जेसीओ आणि वॉरंट ऑफिसरसाठी. कलम ६३, शिस्तीला बाधा.

सीओंसमोर मार्च-अप होतं, म्हणजे हजर केलं जातं, तेव्हा आर्मी रूल्सच्या नियम २२ प्रमाणे आरोप तुमच्या समोर ऐकला जातो. साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा आणि स्वतःचा साक्षीदार बोलावण्याचा अधिकार तुम्हाला आहे. बरेच जण टोपी काढून उभे राहतात आणि 'गलती हो गई साब' एवढंच म्हणून बाहेर येतात. नागरी कोर्टात केस लढवत असाल तर ते वाक्य जपून वापरा. नियम २३ खाली समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षींची लेखी नोंद, लिहिली जाते, तेव्हा निवेदन देणं बंधनकारक नाही, आणि तशी सूचना तुम्हाला आधी दिली पाहिजे. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तुमच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर परिणाम होणार असेल, तर नियम १८० प्रमाणे पूर्ण वेळ हजर राहण्याचा आणि उलटतपासणीचा हक्क आहे. तिथे दिलेली कबुली कोर्ट मार्शलमध्ये तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून.

कलम ८० खाली सीओ जवानाला कैद, डिटेन्शन किंवा लाइन्समध्ये (बराकीच्या हद्दीत) अडकवून ठेवणं, यांपैकी प्रत्येकी अठ्ठावीस दिवसांपर्यंत देऊ शकतात. दंड एका महिन्यात चौदा दिवसांच्या पगारापर्यंत. एनसीओला कैद, डिटेन्शन किंवा लाइन्सची शिक्षा या कलमाखाली देता येत नाही. नाईक किंवा हवालदाराला सहसा सिव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद) मिळते, आणि ती रेड इंकने लिहिली जाते. जेसीओ आणि अधिकाऱ्यांसाठी कलम ८३ ते ८५ आहेत, शिवाय सेन्शर (ठपका). प्रकरण समरी कोर्ट मार्शलला (जे सीओ स्वतः चालवतात) गेलं आणि सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचे असतील, तर कायद्याने एक वर्षापर्यंत कैद देता येते, पण कलम ४८ची वरची सहा महिन्यांची मर्यादा तिथेही लागते.

केस चालू असेपर्यंत डीव्ही बॅन लागतो, म्हणजे प्रमोशन थांबतं. बॅच पुढे निघून जातो, म्हणून केस लवकर निकाली निघणं हेच हिताचं. अग्निवीरांना हे जास्त लागतं. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम ठेवतात, आणि निवड करताना शिस्तीची नोंद पाहिली जाते.

नोकरी जाण्याचा धोका कुठे असतो

चार रेड इंक एंट्र्या झाल्या की नियम १३ खाली 'सेवेची गरज नाही' म्हणून डिस्चार्जची नोटीस येऊ शकते. दारूची ही एंट्री चौथी असेल तर सावध व्हा. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१५चा निकाल जवानाच्या बाजूचा आहे. चार एंट्र्या झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही, आधी प्राथमिक चौकशी हवी. एकूण सेवा, अवघड भागातल्या पोस्टिंग आणि पेन्शन किती जवळ आलीय याचाही विचार व्हायला हवा. शो-कॉज नोटीस आली की उत्तरात नेमकं हेच मांडा: फील्ड सेवा, पदकं, एंट्र्यांमधलं अंतर, त्या कशासाठी होत्या. अर्धं पान माफीनामा लिहून देऊ नका.

जवानाला सेवा पेन्शनसाठी पंधरा वर्षे लागतात. चौदाव्या वर्षी डिस्चार्ज झाला तर हातात ग्रॅच्युइटी येते, पेन्शन नाही. बडतर्फी तर याहून वाईट, तिच्यात पेन्शनचा हक्कच सामान्यतः जातो.

नशेत गाडी चालवताना अपघातात स्वतः जखमी झालात तर आणखी एक गाठ असते. इन्क्वायरीत 'नशेत होता' असं आलं, की ती जखम सेवेमुळे झाली असं मानलं जाण्याची आशा मावळते आणि डिसेबिलिटी पेन्शनचा दावा कोसळतो. गाडीच्या विम्यातही स्वतःच्या गाडीचं नुकसान कंपनी नाकारते, आणि जखमी तिऱ्हाइताला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते.

दाद कुठे मागायची

नागरी कोर्टाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील, तीस दिवसांत. कोर्ट मार्शलच्या शिक्षेवर कलम १६४ खाली पिटिशन. सीओंच्या शिक्षेवर किंवा अन्यायावर कलम २६ खाली तक्रार, अधिकाऱ्यांसाठी कलम २७. हे मार्ग वापरल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांची मुदत असते. तक्रारीला सहा महिने उत्तरच आलं नाही तरी एएफटीकडे जाता येतं. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तरच ते प्रकरण तिथे नेता येतं, हे वकिलाला आधी विचारून घ्या. प्रत्येक अर्जावर पोचपावतीचा शिक्का आणि तारीख हवी. मुदत चुकली की माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पोस्टिंग दूर होती एवढ्या कारणावर तो दरवेळी मान्य होत नाही.